तुकडे भेटत नाहीत, भाऊ

कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांचा जमाना होता. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट सोबत द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन यायची. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला अशाच एका दुकानात मी यादी दिली. सात गाणी, आणि आठव्या ओळीत लिहिलं होतं : ‘शोले, जय पायरीवर बसून वाजवतो ते.’

दुकानदाराचं बोट यादीवरून खाली सरकत आलं आणि आठव्या ओळीवर अडलं.

“हे कोणतं गाणं आहे?”

“गाणं नाही जी. तो माउथ ऑर्गन वाजवते अन् जया भादुरी वरचे दिवे विझवते न, ते.”

“तुकडे भेटत नाहीत, भाऊ. गाणं सांगा न.”

मी हट्टाला पेटलो, तो गिऱ्हाइकांकडे वळला. दोन दिवसांनी कॅसेट आणली, घरी लावली, तर आठव्या जागी एक कव्वाली. ‘शोले’ मी तोवर तीनदा पाहिला होता. त्यात कव्वाली नव्हती, हे मी तुळजाभवानीची शपथ घेऊन सांगू शकत होतो. भांडायलाच गेलो. त्यानं शांतपणे वेष्टन पुढं केलं. खरोखरच ‘शोले’ची कव्वाली. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि गीतकार आनंद बक्षी स्वतः, अशा चौघांनी गायलेली. चित्रपटासाठीच ध्वनिमुद्रित केलेली, पण पडद्यावर न आलेली. विक्रीत मात्र राहिली.

म्हणजे जे चित्रपटात होतं ते मला मिळेना आणि जे चित्रपटात नव्हतं ते पैसे घेऊन मिळालं. चित्रपटाचं संगीत आणि त्या संगीताचा अल्बम ह्या विषयातलं माझं शिक्षण त्या दुकानात पुरं झालं. पुढची चाळीस वर्षं फक्त उजळणी.

तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवला होता, हे कळायलाही मला बरीच वर्षं लागली. वेष्टनावर नट होते, नट्या होत्या, घोडे होते.

गंमत अशी की ‘शोले’चं पार्श्वसंगीत शेवटी खेडोपाडी पोचलंच, पण मागच्या दारानं. पॉलिडॉर कंपनीनं संवादांची तबकडी काढली आणि ती तुफान चालली. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या मंडपात, आमच्याकडं मूल-सिंदेवाहीच्या बाजारात पानठेल्यावरसुद्धा गब्बर गुरगुरायचा. संवाद चित्रपटातूनच उचललेले, त्यामुळं त्यांच्या मागं जे वाजत होतं तेही आपोआप आलं. राहुलदेव बर्मननी गब्बरच्या खडकांतल्या त्या अड्ड्यासाठी केलेला तो अंगावर येणारा आवाज लोकांनी संवादासोबत पाठ केला. आजही कोणी गब्बरची नक्कल करायला उभा राहिला की आधी तोंडानं ते संगीत काढतो, मग बोलतो. कंपनीला वाटलं आपण संवाद विकतोय. आपल्याकडं पार्श्वसंगीत एवढ्या प्रमाणात विकलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही, आणि तेही चुकून.

मराठीतला किस्सा याहून खमंग आहे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. त्याआधी अजय-अतुलचं ते इंचवाचं गाणं घरोघरी पोचलेलं होतं. लोकांनी तिकिटं काढली, आत बसले, गाण्याची वाट पाहत राहिले. मध्यंतर झालं, गाणं नाही. शेवट झाला, गाणं नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बाहेर येऊन डोअरकीपरला धरलं, “ऑपरेटरनं गाणं खाल्लं का बे?” त्यांचाही दोष नाही. रिळांच्या काळात शेवटच्या शोला घाई झाली की गाणी अशीच गायब व्हायची. पण इथं ऑपरेटर निर्दोष होता. गाणं चित्रपटात नव्हतंच. ते जाहिरातीसाठी केलेलं होतं.

चित्रपटाला पार्श्वसंगीत होतं अलोकनंदा दासगुप्ता यांचं. ते किती लोकांच्या लक्षात आहे? मला विचाराल तर ‘फँड्री’तला सगळ्यात भेदक संगीताचा प्रसंग त्यांचाही नाही आणि अजय-अतुलचाही नाही. नायक जब्याचं कुटुंब डुक्कर धरायला धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुकराला नागरिकशास्त्र शिकवलेलं नसतं, ते आपल्या वाटेनं जातं. ह्या प्रसंगाचा ट्रॅक कोणत्या अल्बममध्ये कितव्या नंबरवर घालणार?

‘सैराट’ची गोष्ट तर अल्बमवाल्यांनी अभ्यासाला लावावी. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट आला. चार गाणी, लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद बसवून मुद्रित केलेली. त्यातल्या एका गाण्यावर लोक थेट पडद्यापुढं जाऊन नाचले. त्यानंतर गोंडपिपरीपासून कोरचीपर्यंत ते गाणं न वाजता निघालेली वरात मी पाहिलेली नाही. नवरदेव घोड्यावर, काका दोन्ही हात वर, मामा रस्त्यावर आडवे. सगळं रीतसर, कुंडली जुळलेली, जात तपासलेली, हुंड्याचं नाव ‘भेट’ ठेवलेलं.

त्या चित्रपटाचा शेवट आठवा. रक्तानं भरलेली लहान पावलं उमटवत आर्ची-परशाचं लेकरू चालत बाहेर येतं, आणि पडद्यावर आवाज नाही. व्हायोलिन नाही, बासरी नाही, रडण्याचासुद्धा आवाज नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीचं आणि पोराचं काय झालं, हे सांगताना संगीतकारांनी आणि दिग्दर्शकानं हात बांधून घेतले. संपूर्ण चित्रपटातला संगीताचा सगळ्यात मोठा निर्णय तो आहे, आणि तो अल्बममध्ये नाही, कारण शांततेची कॉलर ट्यून होत नाही. त्यामुळं अल्बमपुरतं बोलायचं तर आर्ची आणि परशा सुखात आहेत. चार गाण्यांत कोणी मरत नाही. आपण चित्रपट टॉकीजमध्ये सोडून आलो आणि अल्बम तेवढा घरी आणला. वरातीत तो फार सोयीचा पडतो.

आता कोणी म्हणेल, कंपनी धंदा करणार, तिनं विकेल तेच विकावं. मान्य. पण ह्या धंद्याच्या मुळाशी कायदा बसलेला आहे, तोही पाहून घ्या. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या कामाची रॉयल्टी मिळालीच पाहिजे, ती कोणी लिहून घेऊ शकणार नाही, असं ठरलं. उत्तम झालं. त्यात एक छोटा अपवाद आहे : चित्रपटगृहात चित्रपटासोबत जे वाजतं ते सोडून. बाहेर रेडिओवर, मोबाइलवर, हॉटेलात वाजलं तर हक्काचा पैसा. टॉकीजच्या अंधारात वाजलं तर मानधनात सगळं आलं. आता जे संगीत टॉकीजबाहेर स्वतःच्या पायांनी चालूच शकत नाही, एखाद्या म्हातारीनं दार लावलं त्या क्षणापुरतंच जे जन्माला आलं, त्याच्या कर्त्यानं काय करावं? तेवढाच तुकडा कोण मागणार? मी मागितला होता. मला कव्वाली मिळाली.

हा रोग केवळ आपला नाही. हेन्री मॅन्सिनीसारखा माणूस ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) करतो, चित्रपटासाठी एक संगीत रचतो आणि तबकडीसाठी तेच पुन्हा नव्यानं वाजवून घेतो. चहा पिताना ऐकायला बरं वाटेल असं, गोड तेवढं ठेवून. मूळ चित्रपटातलं संगीत तबकडीवर यायला २०१३ उजाडलं. हॉलिवूडमध्ये आणखी एक अडचण होती. चित्रपटासाठी वाजवलेलं तबकडीवर घ्यायचं तर वादकांच्या संघटनेच्या नियमानं वादकांना पुन्हा पैसे मोजावे लागत. म्हणून पुष्कळ अल्बम अर्ध्या तासात आटोपले. तिथं वादकाला पैसे द्यावे लागतात म्हणून संगीत कापलं जातं, आपल्याकडं पैसे द्यायचा प्रश्नच नसतो तरी कापलं जातं. आपण पुढारलेले.

अपवाद आहेत. ‘जैत रे जैत’ (१९७७) घ्या. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत. तिथं गोष्टच गाण्यांतून पुढं सरकते, गायकच निवेदक आहेत, डोंगर, ढोल आणि मधमाश्या एकाच सुरात बांधलेल्या आहेत. त्या चित्रपटातून संगीत वेगळं काढणं म्हणजे पोळ्यातून मध नव्हे, पोळंच काढणं. अल्बम ऐकला तरी नाग्या आणि चिंधी डोळ्यांपुढं येतात. पण तो चित्रपट ठाकर आदिवासींचा, कर्नाळ्याच्या बाजूचा. आमच्या जंगलाला असं नशीब अजून लाभलेलं नाही.

आमच्या जंगलात मुंबईचा कॅमेरा शिरला की त्याच्या आधी मुंबईचा ढोल शिरतो. कुठल्या तरी संगणकातून काढलेला, अर्धा आफ्रिकेचा, अर्धा अंधेरीचा. त्यावर चार जण ‘हू हू’ करतात. झाला आदिवासी. इकडं भामरागडला, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती मिळतात त्या पट्ट्यात, माडिया आदिवासींचा रेला नाच रात्रभर चालतो. हातात हात, ओळ पुढं जाते, मागं येते, कोणाला घाई नाही. तीन मिनिटांत तो सुरूदेखील होत नाही. ‘न्यूटन’ (२०१७) ह्या पलीकडच्या छत्तीसगडच्या जंगलातल्या निवडणुकीच्या चित्रपटात निदान एवढं भान होतं की जंगलाला बोलू द्यावं. नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं पार्श्वसंगीत कुठं सुरू होतं आणि पाचोळा कुठं संपतो हे चटकन कळत नाही. पण जाहिरातीत वाजलेलं गाणं निराळ्याच संगीतकाराचं, रचिता अरोरांचं. पुन्हा तेच. दारात एक जण, स्वयंपाकघरात दुसरे.

आणि ताडोबा? मोहर्ली गेटवर सकाळी जिप्सींची रांग पाहा. आत गाइड काय सांगतो? “कॉल ऐका.” वानर झाडावरून खाकरतं, चितळ टीव टीव करतं, सांबर एकदाच मोठ्यानं ढोंक करतं, आणि त्यावरून गाइड सांगतो की वाघ पाणवठ्याच्या डाव्या अंगाला आहे, उठला आहे, चालतो आहे. वाघ स्वतः काही बोलत नाही. त्याच्या येण्याचं सगळं पार्श्वसंगीत जंगल वाजवतं आणि ते इतकं अचूक असतं की जाणकार माणूस डोळे मिटून वाघ सांगतो. संध्याकाळी तोच वाघ मोबाइलवरच्या रीळमध्ये येतो तेव्हा वानर गायब, चितळ गायब, आणि मागं ‘केजीएफ’ चित्रपटाचं संगीत. वाघ शेपटी हलवतो, ढम्म. वाघ जांभई देतो, ढम्म. एका रीळमध्ये वाघीण पिल्लू चाटत होती, तिथंही ढम्म. पिल्लूही दचकलं असतं.

ह्या सगळ्या कटकटीवर उतारा म्हणून मी दरवर्षी झाडीपट्टीचं नाटक पाहायला वडशाच्या बाजूला जातो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक. कंपन्यांचं मुख्य ठाणं देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो. रात्री दहाला नांदी, पहाटे कोंबड्याला शेवट. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींनी नकाशा काढून ही रंगभूमी कुठं आहे ते पाहिलं. असो. पाहिलं हेही कमी नाही.

तिथं मंचाच्या पुढ्यात वादक बसतात. ऑर्गन, तबला, हल्ली ऑक्टोपॅड. ऑर्गनवाल्याची पाठ आपल्याकडं, तोंड नटाकडं. त्याच्यापुढं कागद नसतो. तो नटाचा पाय पाहतो. खलनायकानं पाऊल उचललं की ह्याची बोटं खालच्या पट्टीत उतरतात, आईनं पदर तोंडाला लावला की वरचा एकच सूर लांबतो. नट रोज वेगळा रडतो, म्हणून हाही रोज वेगळा वाजवतो. मुंबईत ज्या कामासाठी चित्रफीत समोर लावून सेकंदाचे तुकडे मोजतात, ते काम हा माणूस अंगावर घोंगडी घेऊन, मधूनच बोटं चोळत, पहाटे चार वाजता करतो.

दोन हिवाळ्यांपूर्वीची रात्र. नायिकेच्या बापाचा प्रवेश होता. बाप आला नाही. मंचावर नायिका एकटी, दाराकडं बघतेय. आत कुजबुज, पडदा हलतोय. मागाहून कळलं की बाप शेकोटीशी बसल्या बसल्या झोपला होता. ऑर्गनवाल्यानं एक नजर वर टाकली, चार सूर धरले आणि तेच फिरवत राहिला. तबला हलकेच त्यात शिरला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. नायिकेनं ओळखलं, ती हळूहळू दाराकडं चालू लागली, थबकली, परत फिरली. माझ्या शेजारी बसलेली आजी पुटपुटली, “मेला असंल तो.” पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसायला लागली. तीन मिनिटांनी बाप आला, केसाला गवत चिकटलेलं, तर मंडपानं टाळ्यांनी त्याला घेतलं. त्या नाटकात तो सगळ्यात चांगला प्रवेश होता आणि तो कोणी लिहिलेला नव्हता.

सकाळी त्या नाटकाच्या क्लिपा मोबाइलवर आल्या. मी सगळ्या पाहिल्या. लावणी होती, तीन कोनांतून. विनोदी पात्राची गंमत होती. टाळ्यांच्या ओळी होत्या. ती तीन मिनिटं नव्हती. कोणी काढलीच नव्हती, कारण त्या वेळी मंचावर ‘काही चाललेलं’ नव्हतं. जटपुरा गेटचा तो दुकानदार आठवला. तुकडे भेटत नाहीत, भाऊ.

शिवाय आता काही कंपन्यांत कीबोर्डमध्ये तयार आवाज भरून आणतात. एक कळ दाबली की वीज, दुसरी दाबली की मालिकेतल्या सासूचा ‘ढँण’. सोय आहे, वाईट म्हणत नाही. फक्त बाप झोपला तर ती कळ काय करणार, एवढंच पाहायचं आहे. तीन मिनिटं ढँण ढँण केलं तर आजी म्हणेल, मशीन बिघडली.

श्रेयाचं म्हणाल तर हा देश ह्या बाबतीत फार जुना आहे. ‘महल’ (१९४९) मधलं ते गाजलेलं गाणं तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लता मंगेशकर हे नाव लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारून घेतलं. जिथं गाणाऱ्या लताबाईंची ही गत, तिथं मागं वाजवणाऱ्याला कोण विचारतो?

बाप झोपला त्या रात्रीच्या नाटकाचं पत्रक मी जपून ठेवलं आहे. मधोमध लावणीवालीचा रंगीत फोटो, बाजूला खलनायक दात काढून, खाली तिकिटांचे दर. ऑर्गनवाल्याचं नावही आहे, दरांच्या खाली, फार बारीक अक्षरात. ह्या हिवाळ्यात वडशाला आलात तर पत्रक मागून घ्या, आणि चष्मा विसरू नका.